आरसी कारची लिथियम बॅटरी: लेबलवरचे आकडे समजून घ्या, मग पैसे घाला

दिवाळीच्या सुट्टीत माझा नववीतला भाचा मंद्रूपला आमच्याकडे आला होता. सोबत रिमोटची गाडी. गड्ड्याच्या जत्रेत मिळते तसली नव्हे, खरी आरसी कार. १/१४ मापाची, डब्ल्यूएल टॉइजची १४४००१. वर्षभर वडिलांच्या मागे लागून घेतलेली. मी गावात मोबाइल रिपेअरिंग करतो, त्यामुळे मामाला सगळं येतं असा त्याचा समज आहे. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन म्हणाला, "मामा, माझ्या गाडीची बॅटरी १५०० ची आहे, दहा मिनिटांत संपते. तुझ्याकडं डिस्प्ले फुटलेले फोन पडलेत की. त्यातली ५००० ची बॅटरी दे ना काढून. तासभर तरी चालंल."

हातात स्क्रूड्रायव्हर होताच!

प्रश्न येडपटासारखा नाहीये. १५०० पेक्षा ५००० मोठे, एवढा हिशोब कोणीही करेल. दुकानात अजून दोन-तीन पोरांनी मला हेच विचारलंय. पण हे केलं असतं तर गाडी चालली नसतीच, वर ती बॅटरी फुटून पेटायची पण शक्यता होती. म्हणून आज जरा निवांत बसून हा विषय समजून घेऊ.

५००० म्हणजे नक्की काय?

एमएएच म्हणजे बॅटरीत किती साठा आहे त्याचं माप. टाकीत पाणी किती, एवढंच. ती टाकी किती उंचावर ठेवलीय, ते व्होल्ट सांगतात. आणि पाणी किती जोरात बाहेर पडतंय, तो करंट, म्हणजे अँपिअर.

आता फोन बघा. ५००० एमएएच म्हणजे ५ अँपिअर-तास. ती बॅटरी दिवसभर पुरते, म्हणजे सरासरी ०.२ अँपिअरच्या आसपास करंट जातो. भाच्याच्या गाडीत १५०० एमएएच दहा-बारा मिनिटांत संपतात, म्हणजे सरासरी सात अँपिअरहून जास्त. आणि ट्रिगर एकदम ओढून गाडी उडवली की त्या क्षणाला त्याच्या कितीतरी पट. आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर फोन म्हणजे ठिबक, आणि आरसी कार म्हणजे साडेसातच्या मोटरीने पाटात सोडलेलं पाणी. ठिबकच्या नळीतून पाट भरत नाही.

दुसरी गोष्ट व्होल्टची. फोनमध्ये साधारणपणे एक सेल असतो, ३.८५ व्होल्टच्या आसपासचा. या गाडीत दोन सेल एकामागे एक जोडलेले, मिळून ७.४ व्होल्ट. खरा साठा मोजायचा असेल तर अँपिअर-तास गुणिले व्होल्ट करायचं, म्हणजे वॅट-तास मिळतात. फोनचे ५ × ३.८५ = १९.२५ वॅट-तास. गाडीचे १.५ × ७.४ = ११.१ वॅट-तास. बघा, तिपटीपेक्षा जास्त वाटणारा फरक पावणेदोन पटीवर आला! दोन वेगळ्या व्होल्टच्या बॅटऱ्यांची तुलना एमएएचवर कधीच करू नका. पॉवर बँक घेतानाही हे लक्षात ठेवा, तिथेही हीच गंमत असते.

फोनला राखणदार आहे, गाडीला नाही

माझ्या मते या सगळ्या विषयात हीच एक गोष्ट पक्की समजली पाहिजे.

फोनची बॅटरी उघडी पाहिली असेल तर तिच्या वरच्या कडेला टेपखाली एक बारीक सर्किटची पट्टी दिसते. जास्त चार्ज झालं, फारच उतरली, किंवा करंट मर्यादेबाहेर गेला, की ती पट्टी सरळ लाइन तोडते. शिवाय फोनचं सॉफ्टवेअर असतंच. स्क्रीनवर ० टक्के दिसतं तेव्हा सेल खरा रिकामा झालेला नसतो, फोन आधीच शहाणपणाने बंद होतो. फोन रात्रभर चार्जिंगला लावून आपण निवांत झोपतो ते या राखणदाराच्या जिवावर.

आरसीच्या लिपो पॅकमध्ये ही पट्टी नसते. आत सेल, दोन जाड वायर, एक बारीक वायरींचा पांढरा प्लग, संपलं. कारण पन्नास-शंभर अँपिअर सोडणारी पट्टी बसवायची तर आकार, वजन, किंमत सगळंच वाढतं. आणि हेच पॅक विमानात, ड्रोनमध्येही वापरतात; तिथे हवेत असताना पट्टीने लाइन तोडली तर काय होईल विचार करा. त्यामुळे राखणदारी आपल्याकडे आली. किती चार्ज करायचं, कुठे थांबायचं, कुठे ठेवायचं, सगळं आपणच बघायचं.

रसायन मात्र दोन्हीकडे जवळपास तेच. १९९१ साली सोनीने पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, आणि २०१९ मध्ये गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना याच बॅटरीच्या कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. लिपो हा त्याच कुटुंबातला पाऊचमधला, म्हणजे चांदीसारख्या पिशवीतला भाऊ.

तर भाच्याची आयडिया. फोनची बॅटरी लावली असती तर व्होल्ट निम्मे, म्हणजे गाडीचा ईएससी (मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारी डबी) बहुतेक चालूच झाला नसता. झाला असता तर पहिल्याच झटक्याला पट्टीने लाइन तोडली असती. आणि पोरं पुढे काय करतात ते मला माहितीय: ती पट्टी काढून डायरेक्ट वायर जोडतात. मग बिनराखणदाराची, मऊ पिशवीची बॅटरी, दगडावर उलटणाऱ्या गाडीत. एक टोकदार खडा लागला की आतले थर एकमेकांना चिकटतात, शॉर्ट होतं आणि आग.

हे सगळं ऐकल्यावर त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. म्हणाला, "मग कुठली घ्यायची ते सांग."

लेबल वाचू या

आम्ही शेवटी जी बॅटरी मागवली तिच्यावर लिहिलंय: ७.४ व्होल्ट, २एस, २२०० एमएएच, ३५सी. एकेक घेऊ.

२एस म्हणजे दोन सेल सीरिजमध्ये. लिपोचा एक सेल नावाला ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२, आणि ३.० च्या खाली गेला की कायमचा खराब व्हायला लागतो. म्हणून २एस नावाला ७.४, भरल्यावर ८.४. ३एस असेल तर ११.१ आणि १२.६. जुन्या गाड्यांमध्ये निकेल-मेटल हायड्राइडचे १.२ व्होल्टचे सहा सेल असायचे, म्हणजे ७.२ व्होल्ट, म्हणूनच २एस लिपो तिथे जवळपास तशीच बसते. पण अशा गाडीच्या ईएससीवर बॅटरीचा प्रकार निवडायची सोय असेल तर ती आधी लिपोवर न्या. नाहीतर कुठे थांबायचं ते त्याला कळत नाही आणि तो सेल पार पिळून काढतो.

व्हिडिओ बघून पोरांना ३एसची फार हौस. ब्रशलेस मोटरीवर केव्ही लिहिलेलं असतं, म्हणजे लोड नसताना दर व्होल्टला किती फेरे. ३००० केव्हीची मोटर भरलेल्या २एसवर २५,२०० फेरे मारेल, ३एसवर ३७,८००. ऐकायला भारी वाटतं. पण ईएससीवर २एस लिहिलं असेल तर ३एस लावू नका, धूर निघेल आणि बॅटरीपेक्षा महाग वस्तू जाईल. आपल्या काळ्या रानात तर नकोच. ओलसर माती चाकाला लिंपली की गाडीचं वजन वाढतं, मोटर करंट ओढते, आणि सगळं तापतं.

२२०० एमएएचचं गणित सोपं. बॅटरीतला ८० टक्के साठाच वापरायचा, बाकी राखून ठेवायचा. म्हणजे १७६० एमएएच. सरासरी सात अँपिअर धरले तर पंधरा मिनिटं. तासभर नाही, पण आधीच्या दहापेक्षा बरी.

सी रेटिंग: इथेच सगळे फसतात

सी म्हणजे साठ्याच्या किती पट करंट बॅटरी देऊ शकते. २.२ अँपिअर-तास × ३५ = ७७ अँपिअर. या गाडीला भरपूर झाले.

आता खरी गोष्ट. हा आकडा कंपनी स्वतःच लिहिते, आणि बऱ्याच वेळा मनाला येईल तसा लिहिते. त्याच मापाच्या, त्याच वजनाच्या एका पॅकवर ३५सी आणि दुसऱ्यावर १००सी दिसलं तर शंभरवाल्याला हात जोडायचे. जास्त करंट द्यायला आत जास्त धातू लागतो, जाड पत्रे, जाड वायर, आणि त्याला वजन असतं. म्हणून मी ऑनलाइन बघताना सीच्या आधी ग्रॅम बघतो. एकाच एमएएचमध्ये जड पॅक बहुतेक वेळा खरा निघतो.

सीपेक्षा खरं बोलणारा आकडा म्हणजे इंटर्नल रेझिस्टन्स, बॅटरीच्या आतला अडथळा. चांगले चार्जर तो मिलीओहममध्ये दाखवतात. समजा पॅकचा अडथळा १० मिलीओहम आहे आणि गाडीने ५० अँपिअर ओढले. अर्धा व्होल्ट आतच पडला आणि २५ वॅट उष्णता बॅटरीच्या पोटात तयार झाली. २५ वॅट म्हणजे माझ्या टेबलावरचं सोल्डरिंग आयर्न! ते बॅटरीच्या आत ठेवलंय असं समजा. पॅक जुना होत जातो तसा हा आकडा वाढतो. नवीन पॅक आला की एकदा मोजून वहीत लिहून ठेवा, दोन-तीन महिन्यांनी परत मोजा. बॅटरी म्हातारी होतेय की नाही ते कळतं.

इथेच जुगाडवाल्यांसाठी दोन शब्द. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून १८६५० सेल (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब) काढून पॅक बनवतात. ते सेल लॅपटॉपसाठी, म्हणजे हळूहळू करंट द्यायला बनवलेले असतात. टॉर्चला चालतील, पॉवर बँकेला चालतील, गाडीला नाही. आणि ज्या १८६५० वर ९८०० एमएएच लिहिलंय तो सेल बघून हसायचं आणि पुढं जायचं. या आकाराच्या चांगल्या कंपनीच्या सेलमध्येही साधारण ३५०० च्या आसपासच मावतात.

प्लग आणि माप

ही छोटी गोष्ट, पण बॅटरी परत पाठवायची वेळ याच्यामुळेच येते. आमच्या गाडीला टी प्लग आहे, ज्याला डीन्सही म्हणतात. बऱ्याच बॅटऱ्या पिवळ्या एक्सटी६० प्लगच्या येतात. आणि बॅटरीच्या खणाची लांबी, रुंदी, उंची पट्टीने मोजा, वायर वळायला जागा सोडा. खण परवानगी देत असेल तर कडक प्लास्टिकच्या कवचाची, हार्ड केसवाली घ्या.

प्लग बदलायचा असेल तर एक वायर तोडा, सोल्डर करा, झाका, मगच दुसरी तोडा. मी पहिल्या वेळेला पक्कडीने दोन्ही वायर एकदम तोडल्या होत्या. ठिणगी अशी उडाली की पक्कडीच्या धारेला खाच पडली. ती पक्कड अजून दुकानात आहे, कोणी विचारलं की दाखवतो.

बॅटरी साडेबाराशेला पडली, यायला पाच दिवस लागले. लिथियम बॅटरी विमानाने पाठवायचे नियम कडक असल्यामुळे बरेच विक्रेते ती रस्त्याने पाठवतात, त्यामुळे सुट्टी संपायच्या आत हवी असेल तर आधी मागवा.

चार्जर: इथे काटकसर नको

गड्ड्यातल्या गाडीसोबत यूएसबीची वायर येते, तिच्यातच बारीक सर्किट असतं. ती वायर ३३ वॅटच्या फोन चार्जरला लावली की ३३ वॅट जातात असं काही नसतं. दोन्हीकडून बोलणं झाल्याशिवाय चार्जर ५ व्होल्टच्या पुढे जात नाही. पण त्या वायरीतल्या स्वस्त सर्किटचा भरवसा नाही, म्हणून तिला जुना साधा चार्जर लावा आणि समोर बसा.

लिपोला मात्र बॅलन्स चार्जरच हवा. तो पांढरा बारीक प्लग याच्यासाठी असतो. समजा एक सेल ४.३ वर गेला आणि दुसरा ४.१ वरच राहिला. बेरीज ८.४. फक्त दोन जाड वायरींवरून बघणाऱ्या चार्जरला सगळं ठीक दिसतंय, आणि एक सेल धोक्यात. पांढऱ्या प्लगमधून चार्जर दोन्ही सेल वेगवेगळे मोजतो आणि सारखे करतो.

करंट १सी ठेवा. २२०० ला २.२ अँपिअर, १५०० ला १.५. तासाभरात होतं. आणि चार्जरवरचा मोड दोनदा वाचा. लिपो ४.२ वर थांबतो, लिपो एचव्ही ४.३५ वर, लाइफ ३.६ वर. सगळ्यात वाईट म्हणजे निकेलचा मोड. निकेलची बॅटरी भरली की व्होल्ट किंचित खाली येतात, चार्जर त्याची वाट बघतो. लिपोमध्ये ते कधी होतच नाही, चार्जर ढकलत राहतो, आणि बॅटरी फुगून पेटते.

आमच्याकडे लाइटचा काही नेम नसतो. माझ्या चार्जरच्या मागे ११ ते १८ व्होल्टचं डीसी इनपुट आहे, त्यामुळे लाइट गेली की ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून काम भागतं. फक्त लाल-काळं उलटं लावू नका.

चार्जिंगला बॅटरी मातीच्या कुंडीत ठेवतो, खाली दोन बोटं वाळू. गादीवर, सतरंजीवर, पोत्यावर कधीच नाही. आणि घरात कोणी नसताना तर नाहीच. पेटलीच तर आधी बोर्डाचं बटण बंद करायचं, जमलं तर वाळू टाकायची, आणि त्या धुरापासून लांब पळायचं. तो धूर विषारी असतो.

मे महिना आणि माझी चूक

आता माझी गोष्ट. तीन वर्षांपूर्वी माझीही एक गाडी होती. एप्रिलच्या शेवटी बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवली, उद्या चालवू म्हणून. उद्या आलाच नाही, लग्नसराई, दुकान, राहून गेलं. बॅटरी शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये फळीवर. सोलापूरचा मे तुम्हाला माहितीय, बाहेरच ४२-४३, पत्र्याखाली किती असेल ते वेगळं. महिन्याने बघितलं तर पॅक उशीसारखा फुगलेला. आणि शेडला लागून कडब्याची गंजी. जनावरांचा वर्षाचा चारा तिथे होता. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे खरं सांगतो.

झालं असं की पूर्ण भरलेला सेल आणि उष्णता हे दोन्ही एकत्र आले की आतलं द्रव विघटन पावायला लागतं आणि गॅस होतो. म्हणून दोन-तीन दिवसांत चालवायची नसेल तर बॅटरी प्रत्येक सेलला ३.८ ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवायची. चार्जरमध्ये स्टोरेज नावाचा मोड याच्यासाठीच असतो. पूर्ण उतरवूनही ठेवायची नाही, नाहीतर पडून पडून ३ च्या खाली जाते.

आता मी बॅटरी आजोबांच्या माळवदाच्या घरात, कोनाड्यात, मातीच्या भांड्यात ठेवतो. वर झाकण नुसतं ठेवलेलं, घट्ट नाही. गॅस झाला तर वाट पाहिजे. त्या जाड मातीच्या भिंतींमुळे भर दुपारीही आत गार असतं. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सगळ्यात गार कोपरा शोधा. उन्हातल्या मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवू नका. उन्हाळ्यात गाडी सकाळी चालवा, आणि चालवून झाल्यावर बॅटरी हाताला गरम लागत असेल तोवर चार्जिंगला लावू नका.

फुगलेल्या बॅटरीला सुई टोचून हवा काढायची असं सांगणारा कोणीतरी भेटतोच. टोचायची नाही! फोनच्या बॅटरीलाही नाही. मी माझी फुगलेली लांब मोकळ्या जागेत नेली, मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब तिला जोडला आणि लांब बसलो. बल्ब पार विझेपर्यंत. मग वायरींच्या टोकांना वेगवेगळी टेप लावली आणि सोलापूरला जाताना ई-कचरा घेणाऱ्याकडे दिली. २०२२ पासून देशात बॅटरी कचऱ्याचे नवे नियम आहेत, वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी त्यांनी बॅटरी बाजारात आणणाऱ्यांवर टाकलीय. घंटागाडीत टाकू नका.

परत भाच्याकडे

बॅटरी आल्यावर आम्ही अजून एक वस्तू घेतली, शे-दीडशे रुपयांचा व्होल्टेज अलार्म. पांढऱ्या प्लगला लावायचा, ३.५ वर सेट करायचा. कोणताही सेल त्याच्या खाली गेला की असा कर्कश ओरडतो की शेजारचे बघायला येतात. माझ्या मते सीचा मोठा आकडा घेण्यापेक्षा हे शंभर रुपये जास्त कामाचे.

गावाबाहेरच्या माळावर गाडी सोडली. भाचा रिमोटवर, मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून. चौदा मिनिटांनी अलार्म वाजला. त्याचा एक मित्र म्हणाला, "चालव की बे अजून, पळतीय की गाडी!" भाच्याने ट्रिगर सोडला, गाडी उचलली, प्लग काढला. थोड्या वेळाने मोजलं तर एक सेल ३.६४, दुसरा ३.६२.

भाऊबीज झाल्यावर तो घरी गेला. आठवड्याने रात्री दहाला त्याचा फोन.

"मामा, स्टोरेज केलं. दोन्ही ३.८४ दाखवतंय. कुठं ठेवू?"

"कुंडी आहे का घरात?"

"आईची तुळस आहे तिच्यात."

"मग दुसरी आण."